परभणीवरून गेलेली सावली

महाराष्ट्राचा मोठा नकाशा वर्गात टांगा. करमाळा तालुक्यातील जेऊर आणि अमरावती जिल्ह्यात धामणगावजवळ असलेले तळणी ही दोन रेल्वे स्थानके विद्यार्थ्यांना शोधायला सांगा. दोन्ही ठिकाणे पट्टीने जोडली, की ती रेघ आजच्या परभणी जिल्ह्यात पाथरी, मानवत आणि जिंतूरच्या परिसरातून जाते. 22 जानेवारी 1898 रोजी दुपारी चंद्राची गडद छाया साधारण याच रेघेने, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकत गेली होती. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होते.

छाया प्रथम कोकणात विजयदुर्गाजवळ जमिनीवर आली. तेथे इंग्लंडचे नॉर्मन लॉकयर तळ ठोकून होते. हेलियमच्या शोधाशी विजयदुर्गाचे नाव जोडले जाते. पण सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा 1868 सालची, आणि लॉकयर यांनी तेव्हा ती इंग्लंडमधून पाहिली होती. विजयदुर्गावर ते आले 1898 साली. दोन ग्रहणांची ही गल्लत वर्गात जरूर दुरुस्त करावी.

जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख काव्हसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन गेले होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांचा तळही तेथेच होता. मुंबई-पुण्याकडे तेव्हा प्लेगची साथ होती, तरीही ही माणसे आडगावी जाऊन राहिली. हा सगळा खटाटोप होता तो सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी!

तळणीची हकीकत आपल्याला अधिक उपयोगी आहे. तेथे ॲनी माँडर यांनी जेमतेम दीड इंच व्यासाच्या भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचे छायाचित्र घेतले. त्यात प्रभामंडळाचा एक लांबच लांब झोत उमटला. त्याची लांबी सुमारे 60 लाख मैल भरली. या बाई पूर्वी ग्रिनिच वेधशाळेत गणनेचे काम करीत. लग्नानंतर ती नोकरी सुटली. हुद्दा नव्हता, मोठी दुर्बीण नव्हती. काय पाहायचे आहे याचा विचार आणि त्याची तयारी मात्र पक्की होती.

मग जेऊर आणि तळणी यांच्यामध्ये असलेल्या परभणीकडे या मोहिमा का वळल्या नाहीत? एक कारण उघड दिसते. जेऊर आणि तळणी दोन्ही रेल्वेवर होती. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि मनमाड-सिकंदराबाद मार्ग सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षे अवकाश होता. जड पेट्या बैलगाडीने कोण नेणार? आकाश तेच होते, छायाही तीच होती. अडचण होती ती साधनांची.

पुढे साधने आली, तरी भीती उरली. 16 फेब्रुवारी 1980 रोजी कर्नाटकापासून ओरिसापर्यंत खग्रास ग्रहण दिसले. महाराष्ट्रात ते खंडग्रास होते, तरी शहरांतील रस्ते ओस पडले आणि मुले दारे-खिडक्या लावून घरात बसली. 24 ऑक्टोबर 1995 च्या, दिवाळीतल्या ग्रहणाच्या वेळी चित्र बरेच पालटले. विज्ञान प्रसारसारख्या संस्थांनी सौरचष्मे आणि माहिती लोकांपर्यंत नेली. तरीही ग्रहणाच्या दिवशी मुलांना घरात कोंडणारी कुटुंबे आजही आपल्या गावांत आहेत.

या भीतीत सत्याचा एक कण आहे, तो नाकारू नये. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास दृष्टिपटलाला इजा होते. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, म्हणून इजा होताना कळतही नाही. पण हा धोका ग्रहणाचा नसून सूर्यप्रकाशाचा आहे; तो रोजच असतो. पूर्वी सर्रास वापरली जाणारी काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म, साधा गॉगल, परातीतल्या पाण्यातले प्रतिबिंब, यांपैकी काहीही सुरक्षित नाही. प्रमाणित सौरचष्मा किंवा 14 क्रमांकाची वेल्डिंगची काच चालते. त्याहूनही बरे म्हणजे सूर्याकडे न पाहता त्याची प्रतिमा पाहणे.

पाचवी ते आठवीच्या वर्गांना जमेल असा एक प्रयोग सांगतो. छोट्या आरशावर कागद चिकटवा; कागदाला मधोमध सुमारे 5 मिलिमीटरचे भोक ठेवा. आरसा उन्हात ठेवून कवडसा अंधाऱ्या वर्गातल्या भिंतीवर पाडा. आरशात कोणी डोकावणार नाही, याची काळजी घ्या. भिंत आरशापासून 10 मीटर लांब असेल, तर सूर्याची प्रतिमा सुमारे 9 सेंटिमीटर व्यासाची पडते. आता अंतराला व्यासाने भागा. उत्तर 107 च्या आसपास यायला हवे. सूर्य सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे. त्या अंतराला याच आकड्याने भागले, की सूर्याचा व्यास मिळतो: सुमारे 14 लाख किलोमीटर. कडुनिंबाखाली पडणारे गोल कवडसे याच नियमाने पडतात. ग्रहणाच्या वेळी त्यांच्या कोरी झालेल्या मुले आपणहून दाखवतील.

या प्रयोगाला ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही; उलट तो आधी दहादा केलेला असावा. 2 ऑगस्ट 2027 चे ग्रहण आपल्याकडे खंडग्रास आहे. पावसाळ्याचे ढग आडवे येऊ शकतात. 21 मे 2031 चे कंकणाकृती ग्रहण दक्षिण भारतात दिसेल, आपल्याकडे ते खंडग्रास असेल. तेव्हा सुट्टी असेल, पण मुले गावातच असतील. 1898 साली परभणीला रेल्वेची अडचण होती. आज लागतो तो एक आरसा, एक कागद आणि मुलांना अंगणात घेऊन उभा राहणारा शिक्षक.