ग्रीक शुभवर्तमान व मराठी पुराण

नवा धर्म बोलूं लागतो तो जुन्याच भाषेंत. त्याचा आशय कितीही अपूर्व असो, श्रोत्यांच्या कानीं रुळलेल्या शब्दांवांचून त्यास गति नसते. म्हणून आद्य ख्रिस्ती वाङ्मय वाचतांना तें ज्या ग्रीक-रोमन संस्कृतींत जन्मलें तिला वगळून चालणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

'शुभवर्तमान' हा शब्दच घ्या. आशिया मायनरमधील प्रिएने येथें इ. स. पूर्वीं ९ च्या सुमाराचा एक शिलालेख सांपडला आहे. ऑगस्टस बादशहाच्या जन्मदिवसानें जगास शुभवर्तमानांचा आरंभ झाला, असें त्यांत म्हटलें असून तेथें योजिलेला ग्रीक शब्द मार्काच्या ग्रंथारंभीं येणाऱ्या शब्दाचेंच अनेकवचन आहे. रोमन सत्तेनें क्रूसावर खिळलेल्या एका पुरुषाविषयीं तोच शब्द ऐकून एखादा नागरिक दचकला असल्यास नवल काय? पौलाच्या अथेन्समधील भाषणांत अराटस या ग्रीक कवीचें वचन येतें. इ. स. १५० च्या सुमारास जस्टिनानें बादशहास लिहिलेल्या समर्थनपर ग्रंथांत तर विवेकानें जगणारा सॉक्रेटिसही ख्रिस्तीच ठरविला आहे.

हीच पद्धति पुढें आपल्या किनाऱ्यावर अवतरली. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आला. नवख्रिस्त्यांस जुन्या पुराणांची उणीव भासूं नये म्हणून त्यानें सुमारें ११ हजार मराठी ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' रचिलें. तें इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. स्वर्गास त्यांत 'वैकुंठ' म्हटलें आहे.

परंतु साम्य येथेंच संपतें. जस्टिनाच्या पाठीशीं सत्ता नव्हती, उलट इ. स. १६५ च्या सुमारास त्या सत्तेनेंच त्याचा वध केला. स्टीफन्सच्या मागें मात्र पोर्तुगीज राज्य उभें होतें, आणि ज्या सासष्टींत त्याच्या ओव्या गाइल्या गेल्या तेथील देवळें इ. स. १५६७ मध्येंच पाडलीं गेलीं होतीं. इ. स. १६८४ मध्यें तर त्याच राज्यानें देशी भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढिला.

यास्तव स्टीफन्सच्या मराठी-प्रेमाविषयीं कृतज्ञता बाळगूनही आम्ही वाचकांस इतकेंच सुचवूं: धर्मग्रंथानें कोणाचे शब्द उचलले हें पाहावें, तसेंच ते उचलतांना सत्ता कोणाच्या हातीं होती हेंही विचारावें. पहिल्या प्रश्नानें ग्रंथ समजतो. दुसऱ्यानें त्याचा काळ.