अर्धवेळ कामावरील जादा आयकराचा परतावा

अर्धवेळ नोकरी, तासिका, व्याख्यान किंवा फुटकळ कामाचा मोबदला देतानाच त्यातून आयकर कापून घेतला जातो. हा कापलेला कर वर्षाअखेरच्या हिशेबात देय करापेक्षा अधिक ठरला, तर वरची रक्कम करदात्याला परत मिळते. तिला आयकर परतावा किंवा बोलीभाषेत ‘रिफंड’ म्हणतात. अशा कपातीला उद्गम करकपात ही संज्ञा आहे. व्यवहारात ‘टीडीएस’ हाच शब्द रूढ आहे. परतावा ही सवलत किंवा अनुदान नाही. कपात हा वर्ष संपण्याआधी केलेला अंदाज असतो आणि विवरणपत्र हा वर्ष संपल्यानंतरचा हिशेब. या दोहोंतील फरक म्हणजे परतावा. या नोंदीत भारतातील व्यवस्थेचे विवेचन केले आहे. कलमे आयकर अधिनियम, १९६१ ची असून, वेगळा उल्लेख नसेल तेथे दर व मर्यादा आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या आहेत.

जादा कपातीची कारणे

पगारावरील कपात कलम १९२ नुसार होते. मालक कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज बांधतो, त्यावरील कर काढतो आणि सरासरी दराने दरमहा कापतो. पगार करपात्र मर्यादेखाली असेल तर काहीच कापले जात नाही. येथे कपात जादा होते ती अंदाज चुकल्यामुळे : काम वर्षाच्या मध्येच सुटते, किंवा कर्मचाऱ्याने वजावटीची कागदपत्रे वेळेत दिलेली नसतात.

मानधन व व्यावसायिक शुल्काची गोष्ट वेगळी आहे. कलम १९४-ज नुसार एका देणाऱ्याकडून वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा अधिक व्यावसायिक शुल्क मिळाले, की सरसकट १० टक्के कापले जातात (तांत्रिक सेवांना २ टक्के). मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा ३०,००० रुपये होती. कंत्राटी कामाच्या बिलातून कलम १९४-क नुसार व्यक्तीच्या बाबतीत १ टक्का जातो. या कपातीत घेणाऱ्याचे एकूण उत्पन्न, त्याची करमुक्त मर्यादा किंवा करसूट यांपैकी काहीही पाहिले जात नाही. त्यामुळे चार संस्थांकडून प्रत्येकी ४५,००० रुपये घेणाऱ्याचा एक रुपयाही कापला जात नाही. तीच १,८०,००० रुपयांची रक्कम एकाच संस्थेकडून घेणाऱ्याचे १८,००० रुपये कापले जातात. दुसरे उत्पन्न नसेल तर प्रत्यक्षात दोघांनाही कर शून्यच असतो. पॅन दिलेला नसेल तर कलम २०६-अअ नुसार दर २० टक्क्यांवर जातो.

पगार की मानधन

अर्धवेळ कामात कोणते कलम लागू होते हा कळीचा प्रश्न असतो. मालक-नोकर नाते असेल तर तो पगार, स्वतंत्रपणे दिलेली सेवा असेल तर शुल्क. नेमणूकपत्रात ‘मानधन’ असे लिहिल्याने निर्णय होत नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवणारे अध्यापक, पाहुणे व्याख्याते आणि उत्तरपत्रिका तपासणारे परीक्षक यांना हा प्रश्न हमखास पडतो.

फरक केवळ नावाचा नाही. पगार मानल्यास नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, कपातीचा दाखला फॉर्म १६ मध्ये येतो आणि साधे उत्पन्न असल्यास आयटीआर-१ (सहज) हे विवरणपत्र पुरते. शुल्क मानल्यास दाखला फॉर्म १६-अ मध्ये येतो. प्रमाणित वजावट मिळत नाही, मात्र कामासाठी झालेला प्रत्यक्ष खर्च वजा करता येतो. ते उत्पन्न व्यवसायाचे म्हणून दाखवायचे असल्यास आयटीआर-३ किंवा, अनुमानित उत्पन्नाची योजना लागू होत असल्यास, आयटीआर-४ (सुगम) भरावे लागते.

उलट परिस्थितीही उद्भवते. एकाच वर्षी दोन ठिकाणी पगार असेल आणि दोन्ही मालकांनी आपापल्या हिशेबात प्रमाणित वजावट व करमुक्त मर्यादा धरली असेल, तर कपात कमी पडते आणि परताव्याऐवजी कर भरावा लागतो. हे टाळण्यासाठी दुसऱ्या नोकरीचा तपशील फॉर्म १२-ब मध्ये एका मालकाला देण्याची सोय आहे.

हक्काचा आधार

कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर आकारता किंवा वसूल करता येत नाही, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ मध्ये म्हटले आहे. देय करापेक्षा जास्त घेतलेली रक्कम सरकारला ठेवून घेता येत नाही, हे त्याचेच फलित. आयकर अधिनियमात हा हक्क कलम २३७ मध्ये आहे. १९२२ च्या जुन्या अधिनियमातही कलम १८ मध्ये उद्गम करकपात आणि कलम ४८ मध्ये परतावा अशी जोडी होती.

पूर्वी परताव्यासाठी फॉर्म ३० हा स्वतंत्र अर्ज होता. १ सप्टेंबर २०१९ पासून कलम २३९ बदलले आणि विवरणपत्र हाच परताव्याचा अर्ज ठरला. त्यामुळे ज्याचा कर शून्य आहे, त्यालाही कापलेली रक्कम परत हवी असेल तर विवरणपत्र भरावे लागते. उत्पन्न करपात्र नसले तरी वर्षभरातील एकूण कपात २५,००० रुपये (ज्येष्ठ नागरिकांसाठी ५०,००० रुपये) किंवा अधिक असेल तर विवरणपत्र सक्तीचे आहे. त्याखाली, अन्य कारणाने सक्ती नसेल तर, ते ऐच्छिक राहते. पण न भरल्यास कापलेली रक्कम सरकारजमाच राहते.

कार्यपद्धती

कापलेला कर देणाऱ्याने सरकारी खात्यात भरून दर तिमाहीला त्याचे विवरण द्यायचे असते. त्यावरून करदात्याच्या पॅनखाली नोंद होते आणि ती फॉर्म २६-एएस या पत्रकात दिसते. नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरण (एआयएस) हे अधिक तपशिलाचे पत्रकही उपलब्ध आहे. जानेवारी ते मार्च या तिमाहीच्या विवरणाची मुदत ३१ मे आणि दाखल्याची १५ जून असते. म्हणून एप्रिल-मेमध्येच घाईने विवरणपत्र भरणाऱ्याच्या २६-एएसमध्ये शेवटच्या तिमाहीची कपात दिसत नाही आणि परतावा अडतो.

पगारदारांसाठी विवरणपत्राची सर्वसाधारण मुदत ३१ जुलै ही आहे. ते ऑनलाइन भरल्यावर ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी करावी लागते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ती होते. पडताळणी राहिली तर विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते. पुढील छाननी बंगळूरु येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रात (सीपीसी) संगणकाद्वारे होते आणि कलम १४३(१) खालील सूचना ईमेलने येते. ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले, ते संपल्यापासून नऊ महिन्यांत ही सूचना पाठवणे बंधनकारक आहे. साध्या प्रकरणांत परतावा त्याच्या कितीतरी आधी येतो. पूर्वी परताव्याचे धनादेश टपालाने येत. १ मार्च २०१९ पासून रक्कम केवळ पॅनशी जोडलेल्या आणि संकेतस्थळावर आधी प्रमाणित केलेल्या बँक खात्यातच जमा होते.

व्याज

परताव्यावर कलम २४४-अ नुसार दरमहा अर्धा टक्का सरळव्याज मिळते. महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरतात. विवरणपत्र मुदतीत भरले असल्यास व्याज आकारणी वर्षाच्या (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरच्या वर्षाच्या) १ एप्रिलपासून, उशिरा भरले असल्यास भरल्याच्या तारखेपासून चालू होते. परतावा हा ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज मिळत नाही.

उदाहरणार्थ, एखाद्या अध्यापिकेला वर्षभरात २,४०,००० रुपये मानधन मिळाले, दुसरे उत्पन्न नाही आणि २४,००० रुपये कापले गेले. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नसल्याने सर्व २४,००० रुपये परत मिळतात. तिने जुलैत विवरणपत्र भरले आणि सप्टेंबरात परतावा मंजूर झाला, तर एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांचे ३ टक्के, म्हणजे ७२० रुपये व्याज मिळते. हे व्याज पुढच्या वर्षीचे ‘इतर स्रोत’ या सदरातील करपात्र उत्पन्न ठरते. करदात्याने आगाऊ कर कमी भरल्यास त्याच्याकडून मात्र दरमहा १ टक्का, म्हणजे दुप्पट दराने व्याज घेतले जाते.

व्याजासंबंधीच्या गाजलेल्या खटल्यांपैकी एक पुण्याचा आहे. सॅन्डविक एशिया कंपनीला देय असलेले व्याज १२ ते १७ वर्षे रखडले होते. त्याबद्दल आयकर खात्याने भरपाई द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. मात्र २०१३ च्या गुजरात फ्लोरो केमिकल्स प्रकरणात तो निकाल त्या प्रकरणापुरता असल्याचे सांगून, कायद्यात आहे तेवढेच व्याज मागता येते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

अडथळे

सर्वांत नेहमीचा अडथळा म्हणजे दाखला आणि २६-एएस यांतील तफावत. देणाऱ्याने पॅन चुकीचा लिहिला, विवरण दिले नाही किंवा कर भरलाच नाही, तर कापलेली रक्कम करदात्याच्या नावावर दिसत नाही. पहिल्या दोन बाबतींत देणाऱ्याकडून दुरुस्ती-विवरण भरून घेणे हाच उपाय असतो. छोट्या कामाच्या जागी पैसे देणाऱ्याला त्याची निकड क्वचितच वाटते. कर कापून भरलाच नसेल, तर कलम २०५ करदात्याचे रक्षण करते : कापलेल्या रकमेपुरती त्याच्याकडे पुन्हा मागणी करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका नोकरदाराच्या बाजूने हेच तत्त्व मान्य केले आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ रोजी अधिकाऱ्यांना तशी सूचना दिली. पण हे संरक्षण वसुलीपासूनचे आहे. न भरलेल्या कपातीचा परतावा हाती पडणे त्यानेही सोपे होत नाही, कारण कलम १९९ कापलेल्या आणि भरलेल्या कराचेच श्रेय देते.

जुन्या वर्षाची थकबाकी असल्यास कलम २४५ नुसार परतावा तिच्यात वळता करता येतो. त्याआधी करदात्याला कळवणे आवश्यक असते. खोट्या वजावटी दाखवून परतावा वाढवून देणाऱ्या दलालांच्या नादी लागल्यास, चुकीच्या माहितीवर वाचवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. १४ जुलै २०२५ रोजी खात्याने अशा दाव्यांवरून देशभरात सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली.

उशिराची मागणी व आगाऊ उपाय

मूळ मुदत चुकल्यास ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येते. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास विलंबशुल्क १,००० रुपये, त्यापुढे ५,००० रुपये. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असल्यास शुल्क नाही. त्यानंतर भरता येणाऱ्या अद्ययावत विवरणपत्रात परतावा मागता येत नाही. तेव्हा कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफ करण्याचा अर्ज करावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत असा अर्ज करता येतो. तोपर्यंत ही मुदत सहा वर्षे होती. अशा उशिराच्या परताव्यावर व्याज मिळत नाही.

कपातच होऊ नये म्हणून बँकेत द्यायचा फॉर्म १५-जी मानधनाला चालत नाही. तो व्याजासारख्या ठरावीक उत्पन्नांपुरता आहे. मानधन घेणाऱ्याने कलम १९७ नुसार फॉर्म १३ भरून कमी किंवा शून्य कपातीचे प्रमाणपत्र आयकर अधिकाऱ्याकडून मिळवायचे असते.

परदेशांतील पद्धत

ब्रिटनमध्ये १९४४ पासून ‘पे ॲज यू अर्न’ पद्धत आहे. तेथे करमुक्त भत्ता वर्षाला १२,५७० पौंड असून प्रत्येक नोकरीला करसंकेत दिला जातो. दुसऱ्या नोकरीला सहसा ‘बीआर’ हा संकेत लागतो आणि तिच्या सगळ्या कमाईवर २० टक्के कापले जातात. पहिल्या नोकरीत भत्ता पुरता वापरला गेला नसेल तर ही कपात जादा ठरते. चार वर्षांपर्यंत ती परत मागता येते. शिकता शिकता काम करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांचा या संकेताशी वरचेवर संबंध येतो. अमेरिकेत अनिवासी विद्यार्थ्यांना सामान्यतः प्रमाणित वजावट मिळत नाही. परंतु भारत-अमेरिका करकराराच्या अनुच्छेद २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्यांना ती मिळते. १०४०-एनआर या विवरणपत्रात तिची मागणी न केल्यास कॅम्पसवरील कामाचा कर विनाकारण जातो.

नवा अधिनियम

आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो. त्यात ‘मागील वर्ष’ व ‘आकारणी वर्ष’ या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत; कपात, श्रेय व परतावा यांची साखळी कायम आहे. मूळ विधेयकात मुदतीत विवरणपत्र भरणाऱ्यालाच परतावा देण्याची तरतूद होती. लोकसभेच्या प्रवर समितीने जुलै २०२५ मध्ये ती वगळण्याची शिफारस केली. कर लागू नसून केवळ कपात परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरणारा छोटा करदाता त्या तरतुदीत सापडला असता. ऑगस्टमधील सुधारित विधेयकात ती तरतूद राहिली नाही.