सुट्या भागांतून उभे राहिलेले रणगाडे

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी वाहनांच्या प्लॅस्टिक प्रतिकृती जोडण्याचा छंद १९६०च्या दशकात ब्रिटन, अमेरिका व जपान या देशांत रुजला, तेव्हा बाजारात मिळणारे संच तुटपुंजे होते. एका संचाचे उरलेले भाग दुसऱ्याला जोडून तिसरेच वाहन तयार करण्याची रीत मुख्यतः या टंचाईतून वाढली. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीचे रणगाडे १/७६ प्रमाणात, म्हणजे मूळ लांबीच्या शहात्तराव्या हिश्शाएवढे असत, आणि त्यांत कोणते फेरफार करता येतील हे सांगणारे लेख याच नावाच्या मासिकात येत.

जपानमधील शिझुओका येथे १९४६ साली लाकूड कापण्याच्या व्यवसायातून सुरू झालेल्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी जर्मन पँथर रणगाड्याचा संच काढला. आत मोटर व बॅटऱ्या मावाव्यात अशा बेताने त्याचा आकार ठरला, तो सुमारे १/३५ भरला, आणि पुढे हेच प्रमाण जगभर रूढ झाले. मोटरीच्या सोयीसाठी अशा जुन्या संचांच्या तळाला भोके ठेवलेली असत, तर साखळीपट्ट्यांच्या वरचा कोठ्याचा भाग खालून उघडाच राही. त्यामुळे प्लॅस्टिकचा पातळ पत्रा कापून ही भगदाडे बुजवणे व लुकणाने सांधे सारखे करणे, हा कारागिराचा पहिला संस्कार ठरला.

फेरफाराला सर्वाधिक वाव दिला तो अमेरिकी शर्मन रणगाड्याने. सुमारे ४९,००० शर्मन अनेक कारखान्यांत तयार झाले आणि ते वापरणाऱ्या सैन्यांनीही त्यांचे रूप बदलले. ब्रिटिशांनी त्यात १७ पौंडी तोफ बसवून ‘फायरफ्लाय’ घडवला. तोफ मागे सरकायला जागा हवी म्हणून बिनतारी संच बुरुजाच्या मागे जोडलेल्या चिलखती पेटीत गेला, तोफेत गोळा भरणाऱ्या सैनिकासाठी छताला नवे झाकण आले, आणि पुढच्या मशिनगनवाल्याची जागा काढून तेथे तोफगोळे ठेवण्यात आले. साध्या शर्मनच्या संचातून फायरफ्लाय साकारणाऱ्याला यातील प्रत्येक बदल ठाऊक असावा लागे: पेटी पत्र्याची, झाकण दुसऱ्या संचातले, मशिनगनचे छिद्र बुजवलेले. भाग ज्या चौकटीला चिकटून साच्यातून बाहेर येतात, त्या स्प्रू नावाच्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या आचेवर मऊ करून ताणला की केसासारखा बारीक धागा निघे, आणि तोच रेडिओची एरिअल म्हणून लावला जाई.

नॉर्मंडीत १९४४ साली बांधावरच्या दाट झाडोऱ्यातून वाट काढण्यासाठी अमेरिकी सैनिकांनी जर्मनांनी किनाऱ्यावर रोवलेले पोलादी अडथळे कापले आणि त्यांचे दाते रणगाड्यांच्या तोंडाला जोडले. सार्जंट कर्टिस क्युलिन यांचे नाव या युक्तीशी निगडित आहे. कवचावर साखळीपट्ट्यांच्या जादा कड्या आणि वाळूच्या गोण्या चढवणे तर नित्याचेच होते. म्हणजे हाताशी पडलेल्या लोखंडातून वाहन बदलण्याचे काम सैनिकांनी आधीच केले होते, आणि सुट्या भागांची पेटी उपसणारा मॉडेलकार युद्धभूमीवरील तीच रीत छोट्या प्रमाणात पुन्हा आचरत होता. एका जुन्या छायाचित्रातील कड्या मोजून त्या तितक्याच बसवण्याचा त्याचा हट्ट हा इतिहाससंशोधनाचाच एक अस्सल प्रकार मानला पाहिजे. चित्रपटसृष्टीने ही रीत उचलली ती मात्र कल्पनेसाठी. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधील अवकाशयानांच्या अंगावर रणगाड्यांच्या संचांतील चाके आणि झाकणे चिकटवलेली होती.

पुढे रेझिन या ओतीव राळेचे भाग आणि आम्लाने कोरलेल्या पातळ पितळी पत्र्याच्या जाळ्या तयार मिळू लागल्या. बेल्जियमच्या फ्रांस्वा फेर्लिंडेन यांच्या नावाचे असे संच विशेष गाजले. त्यामुळे तपशिलाची सफाई निःसंशय वाढली. परंतु वाहनात कोणता बदल झाला होता, हा निर्णय आता बऱ्याचदा उत्पादकच घेऊ लागला, आणि त्याची एखादी चूक छायाचित्राशी ताडून न पाहता अनेक टेबलांवर जशीच्या तशी उतरू लागली.