फोटो छापणारा प्रिंटर आणि उडून जाणारे रंग

आजच्या भागात एक साधा प्रश्न घेतलाय: घरच्या फोटोंसाठी प्रिंटर घ्यायचा तर कोणता? माझं काम सॉफ्टवेअरचं आहे, त्यामुळे नातेवाईक हा प्रश्न मलाच विचारतात. पण याचं उत्तर दुकानातल्या माहितीपत्रकापेक्षा प्रिंटरच्या इतिहासात जास्त चांगलं सापडतं.

आधी घरातला जुना अल्बम काढून बघा. आजी-आजोबांचे कृष्णधवल फोटो बहुतेक ठणठणीत असतील. पण ऐंशीच्या दशकातल्या लग्नाचे रंगीत फोटो लालसर झालेले दिसतील. कारण सरळ आहे. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या कणांची असते. रंगीत फोटोत तीन रंगद्रव्यं असतात, आणि त्या काळच्या कागदांवर त्यातला निळसर रंग, म्हणजे सायन, अंधारातही हळूहळू उडायचा. उरायचा तो लाल-पिवळा. म्हणजे कपाटात जपून ठेवूनही फोटो खराब व्हायचा. हेन्री विल्हेल्म या अमेरिकन अभ्यासकाने रंगीत फोटो किती टिकतात यावर १९९३ मध्ये जाडजूड पुस्तकच लिहिलं.

आता प्रिंटरकडे येऊ. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांच्याकडून गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि शाईचे थेंब उडाले. उष्णतेने बुडबुडा होतो आणि तो शाई ढकलतो, हे तिथे कळलं. त्याच सुमारास अमेरिकेत एचपीवालेही स्वतंत्रपणे याच कल्पनेवर पोचले. १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट आला, किंमत ४९५ डॉलर. एचपीने त्यात एक हुशारी केली: शाई फेकणारं हेड कार्ट्रिजमध्येच बसवलं. शाई संपली की हेडही टाकून द्यायचं. एप्सनने वेगळी वाट धरली. विजेचा दाब दिला की आकार बदलणारा पिएझो स्फटिक वापरायचा, उष्णता नकोच. हे हेड प्रिंटरमध्ये कायमचं असतं. १९९४ च्या स्टायलस कलरने ७२० डीपीआयपर्यंत मजल मारली आणि घरच्या टेबलावर फोटोसारखा फोटो निघायला लागला.

हा फरक आजही आपल्या खिशाला लागतो. प्रिंटर तीन महिने बंद राहिला आणि शाई नोझलमध्ये वाळली, तर कार्ट्रिजमध्ये हेड असेल तिथे कार्ट्रिज बदललं की काम भागतं. हेड कायमचं असेल तर साफसफाईत बरीच शाई जाते, आणि तरीही नाही सुटलं तर खर्च मोठा.

मग २००० साल आलं. एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरवरचे फोटो सुंदर यायचे, साधारण दहा वर्षं टिकतील असं सांगितलं जायचं. पण काही लोकांचे फोटो थोड्याच आठवड्यांत नारिंगी पडले! चाचण्या प्रकाशाच्या झाल्या होत्या, दोषी निघाली हवा. पटकन सुकणाऱ्या कागदाच्या सूक्ष्म छिद्रांतून हवेतला ओझोन आत शिरायचा आणि पुन्हा सायनच खायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट केसेस सगळ्या पास, आणि बग प्रॉडक्शनमध्ये.

इथे डाय आणि पिगमेंट शाईतला फरक समजून घ्या. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेली साखर, पिगमेंट म्हणजे पाण्यात कालवलेला गेरू. कण शाबूत राहतो, म्हणून पिगमेंट प्रकाशाला आणि हवेला जास्त दाद देत नाही. एप्सनने २००० मध्येच स्टायलस फोटो २०००पी हा पिगमेंट शाईचा प्रिंटर आणला.

पुढचं वळण २०१० चं, इंडोनेशियातलं. महाग कार्ट्रिजना कंटाळून लोक प्रिंटरला बाहेरून शाईच्या टाक्या जोडत होते. एप्सनने स्वतःच टाकीवाला प्रिंटर काढला. आज आपल्याकडे घरोघरी दिसतात ते हेच इंक टँक. छपाई स्वस्त, पण यातल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये रंगीत शाई डाय असते, हे विचारून घ्या.

तिसरा प्रकार डाय-सब्लिमेशन, म्हणजे कॅननच्या सेल्फीसारखे छोटे प्रिंटर. यात ओली शाई नाहीच. रिबनवरचा पिवळा, मॅजेंटा, सायन उष्णतेने कागदात उतरतो आणि शेवटी वरून पारदर्शक थर बसतो. तो थर हवेला आणि बोटांच्या ठशांना अडवतो. एका रिबनवर साधारण ३६ फोटो निघतात, जुन्या फिल्म रोलसारखे. मात्र वापरलेल्या रिबनवर तुमचे फोटो उलटे उमटलेले राहतात, ती कापून टाका.

मग घ्यायचं काय? वर्षातून दोन-तीनदाच, दिवाळीला किंवा बारशाला फोटो छापणार असाल तर डाय-सब्लिमेशन. वाळायला काही नाही, फक्त आकार पोस्टकार्डाएवढा. दर आठवड्याला मुलांचे प्रोजेक्ट आणि फोटो दोन्ही असतील तर इंक टँक, जमल्यास सहा रंगांचा. भिंतीवर मोठा फोटो वर्षानुवर्षं लावायचा असेल तर पिगमेंट, किंवा सरळ चांगल्या लॅबमधून काढून आणा. कागद शक्यतो त्याच कंपनीचा, आणि डायचा फोटो उघडा ठेवू नका, काचेआड किंवा अल्बममध्येच ठेवा.

एक मात्र नक्की. मेगापिक्सेल आणि डीपीआयचा प्रश्न कधीच सुटलाय, टिकण्याचा अजून आपल्या हातात आहे. फोनमधल्या हजारोंपैकी वर्षाला वीसच छापा, पण मागे पेन्सिलने नावं आणि तारीख लिहा. रंग थोडा उडाला तरी चालेल, कोण कोणाच्या मांडीवर बसलंय हे पुढच्या पिढीला कळलं पाहिजे.

भेटू पुढच्या भागात!