स्वल्पविरामाची सत्ता

ऑनलाइन दुकानात हजारभर वस्तू एका दमात चढवायच्या, तर एक्सेलचा तक्ता 'सीएसव्ही' करून द्यावा लागतो. म्हणजे रकान्यांच्या उभ्या रेघा पुसायच्या आणि त्यांच्या जागी स्वल्पविराम ठेवायचे. ही युक्ती इंटरनेटची वाटते, पण ती एक्सेलहूनही जुनी आहे. १९२८ पासून आयबीएमच्या पंचकार्डावर ८० रकाने असत आणि प्रत्येक आकड्याचे घर ठरलेले असे. फोर्ट्रान या संगणकभाषेत पूर्वी रिकामे घर शून्य धरले जाई, त्यामुळे १० हा आकडा एक घर डावीकडे सरकला की १०० होई. १९७२ मध्ये आयबीएमच्या फोर्ट्रान कंपायलरने ही शिस्त सैल केली: आकडा कुठेही छिद्रा, मध्ये स्वल्पविराम तेवढा द्या. पहिला गाजलेला संगणकी तक्ता, व्हिसिकॅल्क, आला तो १९७९ मध्ये. एक्सेल १९८५ मध्ये.

सीएसव्ही फाइल टिकली ती तिच्यात नियम जवळजवळ नव्हते म्हणूनच. तिचे वर्णन करणारा आरएफसी ४१८० हा इंटरनेट-दस्तऐवज निघाला २००५ मध्ये, आणि तोही केवळ माहितीपर, बंधनकारक नव्हे. या सैलपणाची किंमत मात्र तक्ता भरणारा मोजतो. भाव १,२५० लिहिला आणि तो अवतरणचिन्हांत नसला, की भाव होतो १ आणि २५० जाऊन बसतो शेजारच्या साठ्याच्या रकान्यात. जर्मनीत दशांशालाच स्वल्पविराम, म्हणून तिथले एक्सेल अर्धविरामाने तोडते. भारतीय कंपन्यांचे ८९० ने सुरू होणारे तेरा अंकी बारकोड एक्सेल आखडून घाताच्या रूपात दाखवते, आणि सीएसव्हीत दिसते तेच उतरते. शेवटचे अंक गेले ते गेलेच. देवनागरीतली 'हळद' अनेकदा लॅटिन चिन्हांचा गुंता होऊन उघडते.

हा दोष एक्सेलचा, स्वल्पविरामाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. अर्धे खरे आहे. पण समोरचा मजकूर संख्या आहे की नाव, हे फाइलच सांगत नाही, म्हणून एक्सेल अंदाज बांधते. मग माहितीला नावांच्या खुणा लावणारे एक्सएमएल १९९८ पासून आहे, थेट जोडणीचे एपीआय आहेत, ते का नकोत? कारण त्यांना प्रोग्रामर लागतो, आणि घाऊक व्यापारी भावपत्रक पाठवतो ते तक्त्यातच. या सवयीचा जोर केवढा, ते जनुकशास्त्रात दिसले: एक्सेल 'मार्च१' या जनुकाची तारीख करून टाकी, म्हणून २०२० मध्ये नामकरण समितीने अशा जनुकांची नावेच बदलली.

तेव्हा बारकोडाचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मगच भरा; आणि जतन केलेली सीएसव्ही डबल-क्लिक करून पुन्हा एक्सेलमध्ये उघडू नका.