दोन पात्यांचा चाकू आणि हापूसचे कलम

मराठीत 'कलम' या शब्दाचे दोन अर्थ आपल्या नित्य व्यवहारातले आहेत; एक लेखणीचा, दुसरा झाडाचा. (तिसरा कायद्यातला, परंतु त्याचे येथे प्रयोजन नाही.) मूळ अरबी शब्द लिहिण्यासाठी छाटलेल्या बोरूचा, फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. छाटल्यावाचून यांपैकी एकही कलम सिद्ध होत नाही, आणि दोहोंसाठी हत्यार लागते तेही एकाच जातीचे: खिशात मावणारा, मिटणारा चाकू. फारसीत लेखणी तासणाऱ्या चाकूला 'कलमतराश' म्हणत. इंग्रजांचा 'पेननाइफ' पिसाची लेखणी तासण्यासाठी होता. पोलादी निब आली, बोरू गेला आणि कारकुनाचा चाकू पेन्सिलीपुरता उरला. रत्नागिरीच्या आंबाबागेत मात्र त्याचा भाऊबंद अद्याप कामावर आहे.

कलमाचा हा चाकू दिसायला साधा असतो. लाकडाची वा शिंगाची मूठ, पाठीला स्प्रिंग आणि बहुधा दोन पाती. पहिले पाते सरळ धारेचे. त्याला एकाच अंगाने चाप दिलेला असतो, दुसरे अंग अगदी सपाट. स्वयंपाकघरातल्या चाकूला दोन्ही अंगांनी चाप असतो. त्यामुळे त्याचा छेद पाचरीसारखा, किंचित वाकडा जातो. कलमात तसे चालत नाही. खुंट आणि काडी यांच्या सालीखालच्या हिरव्या थरांची गाठ पडली तरच जीव जुळतो. मध्ये केसाएवढी फट राहिली की हवा शिरते, जखम सुकते, नाहीतर कुजते. म्हणून छेद एका ओढीत झाला पाहिजे. दुसरे पाते बोथट, चपटे, पितळेचे वा हाडाचे. डोळा भरताना साल अलगद उचलायची ती याने. काही चाकूंना तिसरे, आकडीसारखे वाकलेले पातेही असते, ते छाटणीचे.

या लहानशा हत्यारावर केवढा इतिहास उभा आहे, याची जाणीव हापूस खाणाऱ्यांना क्वचितच असते. हापूसची कोय पुरली तर आंबा उगवतो, पण हापूस उगवेलच असे नाही. परागीभवनाने कोयीत दुसऱ्या झाडाचा अंश मिसळलेला असतो. त्यामुळे आज कोकणात उभे असलेले प्रत्येक अस्सल हापूस झाड हे आधीच्या एखाद्या हापूसची कापून जोडलेली फांदीच होय. चाकूची ही साखळी मध्येच तुटली असती तर जातही संपली असती.

साखळीचे मागचे टोक गोव्यात आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात आंब्यावर स्वतंत्र संवाद लिहिला. पुढे निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने गोव्यातल्या नामांकित आंब्यांची यादीच दिली आहे. तीत निकोलाव आफोन्सोचा आंबा आहे, 'आमच्या स्वामिनीचा' म्हणजे पवित्र मरियेच्या नावाचा आंबाही आहे. आफोन्सोचा आपूस झाला आणि आपूसचा हापूस. हे नाव गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्क याचे, असे पाठ्यपुस्तकी सांगणे आहे; पण १५१५ साली वारलेल्या या लढवय्याला बागाईतीचे श्रेय देण्यापेक्षा मनुचीच्या यादीतला निकोलाव आम्हांला अधिक विश्वसनीय वाटतो. एखाद्या जातीला माणसाचे नाव चिकटते ते बहुधा त्याच्या बागेमुळे. गोव्यात आंब्याचे कलम रूढ करण्याचे श्रेय येशूसंघीय धर्मगुरूंना दिले जाते. फर्नांदिन, मुसराद, कुलास, झेवियर ही आंब्यांची नावे आजही त्या काळाची साक्ष देतात. 'माल्कोराद', म्हणजे फिक्या रंगाचा, याचा मानकुराद झाला. एवढ्या गोड फळाला एवढे नावडते नाव!

ही कलमे किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला आली आणि रत्नागिरीच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत अशी रुजली की २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या कोकणी जिल्ह्यांच्या नावे. येथला खुंट असतो गावठी रायवळाचा. वर हापूस, खाली रायवळ. पाऊस, खडक, वारा सोसायचा तो रायवळाच्या मुळांनी.

आमच्या समाजाला 'तुम्ही पोर्तुगीजांचे' असे अधूनमधून ऐकावे लागते. बोलणारा त्याच तोंडाने हापूस आपला म्हणून खात असतो, हे सोडून देऊ. संत पौलाने रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात रानटी जैतुनाची फांदी जातिवंत झाडाला जोडल्याचा दृष्टांत दिला आहे. रत्नागिरीचा बागाईतदार म्हणेल, हे उलटे झाले! पौलालाही ते ठाऊक असावे, कारण ही जोडणी निसर्गाच्या रीतीविरुद्ध असल्याचे तो स्वतःच नमूद करतो. मात्र त्याने फांदीला दिलेली ताकीद बागेत आणि मंदिरात सारखीच लागू पडते: मुळावर तोरा मिरवू नये, कारण मूळच फांदीला धरून आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ते ओळखले होते. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या त्यांच्या क्रिस्तपुराणाच्या दहा हजारांहून अधिक ओव्या मराठी खुंटावरच वाढल्या आहेत. २००५ साली स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात रत्नागिरी जिल्हा येतो. तेथील भाविकांना खुंट म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही.

आता पुन्हा चाकूकडे. मिटणाऱ्या चाकूंचे माहेर इंग्लंडातले शेफील्ड. तेथील जोसेफ रॉजर्स यांच्या पात्यांवर तारा आणि माल्टाचा क्रूस उमटवलेला असे. त्यांनीच १८२२ साली तितक्याच पात्यांचा एक प्रदर्शनी चाकू घडवला; त्याने कोणी कधी लिंबूही कापले नसेल. कामाचे म्हणाल तर जर्मनीतल्या रॉइटलिंगेनच्या टीना कारखान्याचे, १८५४ पासूनचे, कलमाचे चाकू जगभर नावाजलेले आहेत. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी १८९७ साली नोंदवलेला अधिकाऱ्यांचा चाकू तर सर्वांच्या परिचयाचा आहे.

पूर्वी रत्नागिरीत भेट कलमाची रीत होती. कुंडीतले रोप मोठ्या झाडाच्या फांदीशी भेटवायचे, दोहोंची साल तासून बांधायची आणि दोन-तीन महिने पाणी घालत वाट पाहायची. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठामुळे कोय कलमाचा प्रसार झाला. तांबूस पानांचे कोवळे रोप उभे चिरून त्यात पाचरीसारखी काडी बसवायची. काम झपाट्याचे झाले आणि अनेक रोपवाटिकांत चाकूची जागा दाढीच्या ब्लेडने घेतली. ब्लेड स्वस्त आहे, धार लावण्याची कटकट नाही. पण ते जून काडीवर वाकते, बोटे कापते आणि संध्याकाळी कचऱ्यात जाते. चाकू मात्र बापाकडून मुलाकडे जातो. त्याच चाकूने दिवसभर सुंभ तोडता येतो, फणसाची कुयरी चिरता येते.

त्याची निगा ठेवावी लागते, हे खरे. आंब्याच्या चिकाने साधे पोलाद काळे पडते. म्हणून काम संपताच पाते पुसून खोबरेल लावावे. धार लावताना सपाट अंग दगडावर पुरते टेकवूनच फिरवावे, नाहीतर चाप दोन्हीकडे येतो आणि चाकू भाजीचा होतो. विकत घेताना पाते उघडून डावीउजवीकडे हलवून पाहावे. खिळीत डुगडुगले तर घेऊ नये. डावखुऱ्या कलमकाराने उलट्या चापाचा चाकू मागून घ्यावा. उजव्या हातासाठी केलेल्या चाकूने त्याचा छेद सपाट येत नाही.