जुन्या यंत्रांचे जुने शब्द

जुनी नाणी, टपाल तिकिटे, घड्याळे जमविणारी माणसे आपल्या परिचयाची आहेत. युरोप-अमेरिकेत गेल्या काही दशकांत जुने संगणक जमविणारा आणि ते चालू स्थितीत राखणारा एक वर्ग उदयास आला. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात या मंडळींचा पहिला मोठा मेळावा भरला. इंग्लंडात ब्लेचली पार्क येथे २००७ मध्ये संगणकांचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. या छंदाकडे आम्ही वळलो ते यंत्रांच्या ओढीने नव्हे. या मंडळींत शब्दांवरून जे वाद रंगतात, त्यांनी आमचे लक्ष वेधले. आयुष्य कचेरीतील टिपणांत गेलेल्या माणसाला शब्दांचे वाद अपरिचित नसतात.

'किलो' म्हणजे हजार, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु संगणकाची स्मृती दोनाच्या घातांनी वाढते; म्हणून हजाराच्या जवळची १,०२४ ही संख्या अभियंत्यांनी सोयीसाठी 'किलो' मानली. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाच्या नावातील ६४ म्हणजे ६४ किलोबाइट, अर्थात ६५,५३६ बाइट. '१.४४ मेगाबाइट'ची फ्लॉपी तर दोन्ही हिशेबांची खिचडीच होय. तिच्यात १४,७४,५६० बाइट मावतात. म्हणजे तिचा मेगाबाइट धड दहा लाखांचा नाही आणि १,०२४ गुणिले १,०२४ असाही नाही. हा घोळ मिटविण्यासाठी १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १,०२४ बाइटना 'किबीबाइट' असे वेगळे नाव दिले. जुन्या यंत्रांच्या पुष्कळशा उपासकांना ते रुचलेले नाही.

दुसरा शब्द 'बॉड'. एमिल बोदो (१८४५–१९०३) या फ्रेंच तारायंत्र-अभियंत्याच्या नावावरून तो आला. तारेवरील संकेत एका सेकंदात किती वेळा बदलतो, याचे हे माप आहे. ३०० बॉडच्या मोडेममध्ये प्रत्येक बदलाबरोबर एकच बिट जाई, त्यामुळे बॉड आणि बिट यांत भेद करण्याची कोणास गरज भासली नाही. पुढे सेकंदाला १,२०० बिट पाठविणारी यंत्रे आली. त्यांत प्रत्येक बदलाबरोबर दोन बिट जात, म्हणजे बॉड ६००च होते. जाहिरातींनी मात्र सरळ '१२०० बॉड' असे छापले, आणि लोकांच्या तोंडी तेच बसले.

आता असे होते की, एखादा नवखा आपला '१२०० बॉड'चा मोडेम चालत नाही म्हणून मदत मागतो. चार जाणते त्याचा शब्द दुरुस्त करतात. मोडेम तसाच राहतो. दुरुस्ती खरी असते, पण तिने ज्याला काही विचारायचे होते तो माणूस परत फिरतो, आणि पुष्कळदा त्याच्याबरोबर त्याच्या घरच्या माळ्यावरचे यंत्रही. आमच्या नोकरीत वरिष्ठांची चूक दाखवायची झाल्यास 'फेरविचारार्थ सादर' या आशयाचे लिहावे लागे. त्या रीतीला आम्हीही हसलो आहोत. पण तिच्यामुळे कागद पुढे सरकत असे, हेही खरे.

भारतीय माणसाची अडचण याहून निराळी. आपण मराठीत 'एक शंका आहे' म्हणतो, म्हणजे काही विचारायचे असते. हेच आपण इंग्रजीत 'डाउट' हा शब्द वापरून म्हणतो, तेव्हा अमेरिकन श्रोत्याला वाटते, याचा आपल्या सांगण्यावर विश्वास नाही. विचारणारा नम्रपणे विचारतो आणि ऐकणारा दुखावतो.

आमच्या मते वादाचे मूळ एका प्रश्नात आहे: जुन्या वस्तूवरील चुकीचा शब्द सुधारावा की राखावा? बडोद्याच्या वाचकांस 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' सहज आठवेल. महाराज सयाजीरावांच्या कारकीर्दीत १९३१ साली सिद्ध झालेल्या त्या कोशात कारभारातील इंग्रजी शब्दांसमोर देशी भाषांतील प्रतिशब्द मांडले आहेत. त्याने पुढच्या कारभाराला शब्द पुरविले. दप्तरातील जुन्या कागदांवर खाडाखोड करण्यासाठी तो नव्हता. मोडी कागद छापतानाही संशोधक मूळ शब्द तसाच ठेवून अर्थ तळटीपेत देतात. १९८२च्या पुस्तिकेत 'के' छापले असेल तर तिची नक्कल करताना 'किबीबाइट' लिहिणे आम्हांस दप्तरातील फेरफारासारखेच वाटते. स्पष्टीकरण खाली द्यावे.

मूळ शब्दाचे मोल किती, याचे उदाहरण याच मंडळींच्या जिव्हाळ्याचे आहे. १९८२च्या सप्टेंबरात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर एक कोडे निघाले: तुटून खाली कोसळणाऱ्या लिफ्टमध्ये जळती मेणबत्ती आणि पाऱ्याचा थेंब असेल तर त्यांचे काय होईल? एका विनोदी गृहस्थाने त्यावर इशारा लिहिला की, प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींनी तो खरा मानला. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो आणि चेहराही नसतो, म्हणून थट्टेला काही खूण असावी, अशी चर्चा सुरू झाली. १९ सप्टेंबरला स्कॉट फाहलमन यांनी सुचविले की, अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि उजवा कंस एकापुढे एक लिहून ते आडव्या नजरेने पाहावे. हसरा चेहरा दिसेल.

ही खूण जगभर पसरली, पण मूळ संदेश कोणी जपला नव्हता. जे सांगितले जाई ते आठवणीवर. २००२ मध्ये त्याचा शोध घेण्यात आला. १९८२च्या चुंबकीय फिती सापडल्या, तरी त्या वाचू शकेल असे चालू यंत्र मिळवावे लागले आणि जुनी मांडणी उलगडावी लागली. त्याच सप्टेंबरात संदेश हाती आला. त्यात दुसरी खूणही आहे, डाव्या कंसाची. तिला जग दुःखी चेहरा म्हणून ओळखते. फाहलमन यांनी मात्र ती सुचविली होती ती 'ही थट्टा नव्हे' एवढे कळविण्यासाठी.